हिंगण्यातला हाऊसफुल्ल प्रयोग

प्रणाली पौनीकरला कुणी विचारलं, की बाई तू करतेस काय, तर ती सांगायची, "मी धातू कापते." हे सांगताना तिचे हात इतके स्वच्छ असत, नखांवर मेंदीही असे, की विचारणारा हसून विषय बदलायचा. पण तिचं म्हणणं खरं होतं. फक्त तिची सगळी कापाकापी पडद्यावर चाले. हिंगण्याच्या एमआयडीसीत भैयाजींचं वर्कशॉप आहे. त्याच्या स्टोअररूमच्या कोपऱ्यात, कूलरच्या थेट झोतात एक टेबल, टेबलावर एक दांडगा कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर प्रणाली. बाहेर मशीनवर दुर्गेश खराखुरा धातू कापायचा. आत प्रणाली तोच धातू आधी खोटाखोटा कापून बघायची.

भैयाजी या प्रकाराला 'शिनेमा' म्हणत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पडद्यावर खरोखरच रंगीत चित्र हलायचं. निळ्या रंगाचा धातू, त्यावर चालून येणारी टूलची धार, आणि धार लागली की धातूचा छिलका उठून वर वळायचा. जिथं ताप वाढेल तिथं निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लालभडक. पापणी लवते न लवते एवढ्या वेळातली ती कापणी, पण ती दाखवायला कॉम्प्युटर अख्खी रात्र घोकत बसे. सकाळी भैयाजी येत, दारातूनच विचारत, "काय वं, रात्रीच्या खेळात कोण मेलं?" आणि उत्तराची वाट न पाहता चहाकडे वळत.

आता हा शिनेमा बनतो कसा, ते प्रणालीने घरी वडिलांना एकदा समजावून सांगितलं होतं. वसंतराव पौनीकर जन्माचे विणकर. टांडापेठेत त्यांचा हातमाग होता, आणि प्रणाली पाळण्यात असल्यापासून त्या मागाच्या खटखटीवर झोपली होती. त्या मागावर करवतकाठी पातळं निघायची. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे दाताला दात भिडलेला. पुढे माग थांबला, विकला गेला, वसंतराव इतवारीत एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागले. पण संध्याकाळी मोहल्ल्याच्या नाट्यमंडळात ते जात, ते काही थांबलं नाही. तिथे ते प्रॉम्प्टर होते. पन्नास नाटकं तोंडपाठ, आणि एकदाही तोंडाला रंग लागला नाही. विंगेतल्या अंधारात उभं राहून दुसऱ्याचं वाक्य त्याच्या आधी ओठांवर आणायचं, हा त्यांचा छंद.

तर अशा माणसाला मुलगी म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरमधी धातूवर एक जाळी टाकतो. बारीक बारीक चौकोन, उभे-आडवे, तुमच्या ताण्याबाण्यासारखे. मग एकेका चौकोनाले सांगतो, तुले दाबलं का किती अडायचं, तापला का किती नरम पडायचं, आणि कोणत्या घडीले सुटायचं. मग धार लोटून द्यायची आणि पाहायचं."

वसंतरावांनी विचारलं, की जाळी फाटत नाही का. प्रणाली म्हणाली, फाटते तर. धारेजवळचे चौकोन असे पिचतात, की कॉम्प्युटर मधेच हात वर करतो, आणि मग त्या जागी नवी जाळी विणावी लागते. वसंतराव म्हणाले, "मंग ताण्याले खळ काहून नाई देत? सूत तुटत नाई मंग." त्यावर बापलेक इतके हसले, की शेजारच्यांनी खिडकीतून काय झालं म्हणून विचारलं.

शेवटी प्रणालीने वडिलांसाठी सोपा शब्द काढला. म्हणाली, "बाबा, ही तालीम आहे. पडद्यावर मी करतो ती तालीम, आणि मशीनवर दुर्गेश करते तो प्रयोग." हे मात्र वसंतरावांना असं पटलं, की त्या दिवसापासून घरात दुसरा शब्दच राहिला नाही. कामावरून आली, की ते विचारत, "आज तालीम कशी झाली?" आणि ती सांगे, की आज हिरो फार तापला.

हा हिरो म्हणजे टायटॅनियम. विमानाच्या कामाला लागणारा धातू. वजनाने हलका, ताकदीने भक्कम आणि स्वभावाने महा खट. साधं लोखंड कापताना निम्म्याहून जास्त ताप छिलक्याबरोबर निघून जातो. टायटॅनियम ताप पुढे जाऊच देत नाही, सगळा टूलच्या टोकावर ठेवून मोकळा होतो. वर अंगात स्प्रिंग. भीतभीत दाबलं तर मागे सरकतो, आणि टूल पुढे गेलं की परत वर येऊन त्याला घासतो. छिलकासुद्धा सरळ सोडत नाही. थोडा अडतो, मग एकदम सुटतो, परत अडतो, परत सुटतो. त्यामुळे छिलक्याच्या कडेला दात पडतात. पडद्यावर ते दात पहिल्यांदा उमटले, तेव्हा प्रणालीने लॅपटॉपवर ते चित्र घरी आणून दाखवलं. वसंतरावांनी चष्मा लावला, पुसला, परत लावला.

"हा तर करवती काठ होय," ते म्हणाले. मग ते चित्र आणखी एकदा लावायला सांगितलं. असं करत ते चित्र त्यांनी इतक्या वेळा पाहिलं, की कुठल्या दातानंतर कुठला दात येतो, ते त्यांना पाठ झालं.

हे सगळं घरात गोड चाललं होतं. वर्कशॉपमध्ये तेवढं गोड नव्हतं. एका मोठ्या कंपनीने भैयाजींना टायटॅनियमचे दोन ठोकळे पाठवले होते. त्यातून पातळ भिंतींचा एक भाग काढून दाखवायचा. जमलं तर पुढचं काम हिंगण्यात, नाही जमलं तर रामराम. पहिला ठोकळा भैयाजींनी त्यांच्या पद्धतीने घेतला. धातू महाग आणि खट, म्हणून जपून, पातळ पातळ पापुद्रे काढत, पण मशीनचा वेग नेहमीचाच. टूल आधी गुणगुणलं, मग किंचाळलं, मग ठिणग्या, आणि शेवटी ठोकळ्यावर जळक्या निळ्या पट्ट्या आणि टूलचं नाक गायब. दुर्गेशने ते नाक खूप शोधलं, ते काही सापडलं नाही.

त्या पहिल्या ठोकळ्याचे छिलके प्रणालीने वेचून डबीत ठेवले. मग तेच सगळं पडद्यावर करून पाहिलं. तोच वेग, तोच पातळ पापुद्रा. पडद्यावर टूलच्या नाकाशी तसाच लालभडक ठिपका पेटला, छिलक्याला तसेच दात आले, डबीतल्या दातांना जुळणारे. ती नाचतच भैयाजींकडे गेली. भैयाजींनी दोन्हीकडे नीट पाहिलं. माणूस न्यायी होता.

"जुळते खरं," ते म्हणाले. "पण झालेलं कोणीही सांगते, प्रणाली. होणारं सांग."

होणारं तिने सांगितलं. म्हणाली, वेग उतरवा आणि घास मोठा करा. पातळ घेतलं, की धार कापत नाही, नुसती घासते, आणि सगळा ताप तिच्याच नाकावर बसतो. सावकाश चाला, पण टूलचा प्रत्येक दात धातूत पुरता शिरू द्या, आणि पाण्याचा फवारा थेट त्या नाकावर मारा. पडद्यावर हे केलं, की लाल ठिपका पिवळ्यावर येतो.

भैयाजी हबकलेच. खट धातूचा मोठा घास घ्यायचा, तोही शेवटच्या ठोकळ्यावर? ते दोन दिवस 'हो' म्हणत, दोन दिवस 'नाही' म्हणत. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं, की शनिवारी दुपारी कंपनीच्या मॅडम स्वतः पाहायला येणार. त्यांच्यासमोर हा ठोकळा गेला, तर शिनेमाचं टेबल उचलून तिथे पॅकिंगची पेटी ठेवायची, आणि प्रणालीने परत ड्रॉइंगवर जायचं. यात राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की मुलगी हुशार आहे आणि नाहक त्या रंगीत चित्रात अडकली आहे.

ड्रॉइंगवर परत जायचं, म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेघा कागदावर उतरवत बसायचं. घरी जेवताना तिने एवढंच सांगितलं, "बाबा, शनिवारी प्रयोग आहे. पडला तर खेळ खलास."

आणि इथेच वसंतरावांनी घोटाळा केला. म्हणजे त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला, प्रेमलताला, फोन केला आणि अभिमानाने म्हणाले, "अक्का, शनिवारी दुपारी आपल्या प्रणालीचा प्रयोग आहे. हिंगण्याले. सालभर तालमी चालू होत्या."

प्रेमलता आत्या म्हणजे एक वेगळंच प्रकरण. तरुणपणी तिने झाडीपट्टीची नाटकं गाजवली होती. धान निघालं, की वडसाकडच्या गावांत मांडव पडत, रात्र रात्र नाटक चाले, आणि आत्या कधी राणी, कधी सावत्र आई, कधी दोन्ही. मागे बैलगाड्यांवर उभं राहून लोक पाहत. आता ती सत्तरीला टेकली होती, गुडघे बोलत होते, पण पायरी उतरताना अजूनही अशी उतरे, की खाली कुणीतरी तुतारी वाजवावी. भाची नाटकात उभी राहते आहे, हे कळल्यावर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी वर्षं ती म्हणत होती, की ही पोट्टी त्या डब्यासमोर काय बसून राहिली. म्हणजे आतून तालमी चालल्या होत्या तर. तिने फोन ठेवला आणि अख्ख्या मोहल्ल्यात दवंडी पिटली.

शनिवारी दुपारी दुसऱ्या पाळीची माणसं आणायला कंपन्यांची बस शहरात येते. तिचा ड्रायव्हर विश्वनाथ, आत्याच्या नाटकांचा जुना आशिक. आत्याने त्याला विचारलं, बसमध्ये जागा आहे का. तो म्हणाला, तुमच्यासाठी नेहमीच आहे. त्याला काय कल्पना, की आत्याबरोबर आणखी एवढ्या बाया येतील. पण त्या आल्या, आणि ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून, चिवड्याचे डबे घेऊन आल्या. वसंतराव स्वच्छ सदरा घालून खिडकीपाशी बसले होते. बसभर सगळ्या नाटकात काम कुणाचं, नाव काय, यावर गप्पा मारत होत्या, आणि ते ऐकून त्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी गफलत झाली आहे. पण तोवर बस हिंगणा नाक्याच्या पुढे निघाली होती, आणि भरल्या बसमध्ये उभं राहून हे नाटक नाही असं सांगायचं धैर्य त्या बापड्याला झालं नाही. ते आयुष्यभर विंगेतच उभे राहिले होते.

प्रणालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मशीनपाशी होती. तिच्या आणि दुर्गेशच्या मधे शेवटचा ठोकळा मशीनच्या शिकंज्यात बसला होता, आणि भैयाजींचा सकाळचा कौल 'नाही' होता. पातळच घ्यायचं, त्यांनी बजावलं होतं. आता टेबल जाणार हे प्रणाली मनात धरून चालली होती. उरलं होतं ते एवढंच, की डोळ्यांदेखत कसं जातं ते पाहायचं.

तिकडे फाटकाशी बस थांबली. भैयाजी स्वागताला उभेच होते. त्यांनी मॅडमना कधी पाहिलं नव्हतं, नुसता फोनवरचा आवाज ऐकला होता, आणि त्यात एवढंच कळलं होतं, की बाई पुण्याच्या आहेत. बसमधून पहिली प्रेमलता आत्या उतरली. अंगावर भावाने विणलेलं करवतकाठी पातळ, मान ताठ, एक हात दांडीवर, दुसरा हवेत. भैयाजींनी मनात म्हटलं, याच. मागून भराभर बाया उतरल्या, तेव्हा ते क्षणभर गडबडले, पण मग त्यांनी जवळच्या माणसाला हळूच समजावलं, की मोठ्या कंपन्यांची टीम अशीच मोठी राहते.

अनोळखी पुरुष समोर आला, की आत्या रंगभूमीवरची शुद्ध मराठी बोलायची. ही तिची जुनी सवय. भैयाजींना ती थेट पुण्याची वाटली. त्यांनी सगळ्या मंडळींना शेडच्या दाराशी सावलीत खुर्च्या मांडून दिल्या आणि आत्याला एकटीला केबिनमध्ये नेलं, एसी लावला, पुढ्यात काजूची बशी ठेवली.

"आपण प्रयोग पाहायलाच आलात ना, मॅडम?" भैयाजींनीही जपून जपून शुद्ध बोलायला सुरुवात केली.

"दुसरं काय," आत्या म्हणाली. "तालमी नीट झाल्या आहेत ना?"

तालीम हा शब्द भैयाजींनी प्रणालीच्या तोंडून हजारदा ऐकला होता. मॅडमना तोही माहीत आहे, म्हणजे बाई आतल्या गोटातल्या. त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं, की तालमी खूप झाल्या, पण मागचा पडला, म्हणून छातीत धडधडतं.

"अहो, पडला म्हणून काय झालं. माझे कितीतरी पडले."

भैयाजींना इतकं बरं वाटलं, की त्यांनी काजूची बशी आणखी पुढे सरकवली. एवढ्या मोठ्या कंपनीची बाई, आणि असा मोकळा स्वभाव. मग त्यांनी मनातलं विचारलं. "मग ह्या वेळी कसं घ्यावं? मी म्हणतो, जपून, पातळ पातळ घेऊ."

आत्याने बशीतला हात मागे घेतला. वाक्य पातळ घ्यायचं की भरीव, हा तर तिच्या जन्माचा विषय.

"पातळ? चुकूनही नको," ती म्हणाली. "सावकाश घ्या, घाई अजिबात नको. पण जे घ्याल ते भरीव घ्या. भीतभीत, तोंडातल्या तोंडात घेतलं, की नुसती घासाघीस होते. सगळा ताप आपल्याच नाकावर बसतो आणि समोर काही म्हणता काही होत नाही."

भैयाजी खुर्चीवरून उठलेच. अक्षर न् अक्षर तेच, जे ती पोट्टी महिनाभर सांगत होती. ते केबिनचं दार ढकलून मशीनपाशी आले आणि धापा टाकत म्हणाले, "प्रणाली, तुझेच आकडे लाव. मॅडमनी सांगितलं."

प्रणालीच्या अंगावर आनंदाचा काटा आला. जिला तिने पाहिलंही नव्हतं, त्या बाईने तिची तालीम न पाहता तिचंच म्हणणं मांडलं होतं. म्हणजे ते खरं होतं, कुठेतरी दूर बसलेल्या शहाण्या माणसालाही तेच दिसत होतं. दुर्गेश आकडे भरू लागला. तिचे पाय जमिनीवर राहीनात. त्या देवमाणसाला एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून तिने केबिनच्या काचेकडे पाहिलं.

काचेपलीकडे तिची आत्या काजू खात होती.

आणि सावलीतल्या खुर्च्यांवर अर्धी टांडापेठ बसली होती, आणि टोकाच्या खुर्चीवर तिचे वडील, तिच्याकडे बघून कान पकडत होते.

प्रणालीला सगळं एकदम कळलं आणि एकदम हसू आलं. पण दुर्गेशचे आकडे भरून झाले होते. हिरवं बटण दाबायचं बाकी होतं. ती गप्प राहिली, तर तिच्या मनासारखं होणार होतं, पण मग ते आत्याच्या साडीच्या रुबाबावर होणार होतं. भैयाजींनी झालेलं नको, होणारं सांग, असं म्हटलं होतं. होणारं तिने सांगितलं होतं. ते तिच्या नावावर व्हावं, पडलं तर तिच्याच नावावर पडावं, एवढीच तिची हौस होती.

"थांब गा दुर्गेश," ती म्हणाली. मग भैयाजींकडे वळून म्हणाली, "भैयाजी, ती मॅडम नाही. ती माझी आत्या होय."

भैयाजींनी काचेकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. एका बाईने त्यांच्यापुढे चिवड्याचा डबा केला.

"हे सारे?" त्यांनी विचारलं.

"मोहल्ल्यातले. बाबांनी प्रयोग म्हणून सांगितलं, तर आत्याला वाटलं, मी नाटकात काम करून राहिली."

"आणि मी तिले काजू खाऊ घातले," भैयाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की हसावं की रडावं हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. एवढ्यात आत्या बाहेर आली. काय चाललं आहे ते तिने वसंतरावांच्या पडलेल्या तोंडावरून ओळखलं, आणि शुद्ध मराठी केबिनमध्येच ठेवून ती आपल्या बोलीत आली.

"म्हणजे नाटक नाही?"

"नाही, आत्या. हे मशीन होय. ते आत धातू कापते."

"कापते ना? मंग कापा. लोकं बसले आहेत. धानाच्या कापणीतले माणसं मी उभ्यानं थंडीत ठेवले, पण बसल्या लोकाईले खेळ न दाखवता घरी नाही धाडले कधी."

सगळे भैयाजींच्या तोंडाकडे पाहत होते. ते प्रणालीला हळूच म्हणाले, की बाईचं बोलणं त्यांना मनापासून पटलं होतं.

"आता ती मॅडम नाई म्हणून पटलं नाई म्हणू का? आणि पटलं ते तर तुझंच होतं." मग दुर्गेशकडे बघून म्हणाले, "लाव गा."

दुर्गेशने बटण दाबलं.

पाण्याचा फवारा सुटला. टूल सावकाश, एखाद्या राजाच्या चालीने ठोकळ्याकडे गेलं आणि शिरलं. किंचाळी नाही, ठिणगी नाही. एक जाडसर, भरल्या गळ्याचा आवाज उठला आणि तसाच चालू राहिला. बाया मशीनच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, हिरो कोण, आणि दुसरीने तिला गप्प केलं. भैयाजी डोळे मिटून ऐकत होते, कारण त्यांना कानाने कळे. प्रणालीला मात्र मशीनकडे बघायचा धीर होईना. तिने वडिलांकडे पाहिलं. वसंतरावांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण तिला वाचता येत होतं. अडला. सुटला. अडला. सुटला. पाठ केलेल्या चित्रातला एकेक दात ते मशीनच्या आधी म्हणत होते, जसं आयुष्यभर दुसऱ्यांचं वाक्य म्हणत आले.

मग टूल वर उठलं, फवारा थांबला आणि दुर्गेशने दार उघडलं. टूलचं नाक जागेवर होतं. ठोकळ्यावरची पातळ भिंत आरशासारखी उभी, कुठेही निळा डाग नाही. भैयाजींनी तिच्यावर अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, जणू कापणी त्यांनीच केली होती.

"निघाला," ते म्हणाले.

आत्याने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या टाळ्या अशा घुमल्या, की शेजारच्या कारखान्यातून दोन माणसं डोकावली. प्रणालीने ट्रेमधला एक छिलका उचलला, पाण्याने गार झालेला, आणि तो कुणाला द्यावा ते तिला कळेना. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. वसंतरावांनी तो तिच्या हातातून घेतला, बहिणीपाशी गेले, आणि न विचारता तिच्या पदराच्या काठावर ठेवला. दाताला दात.

तेवढ्यात खुर्च्यांमधून सुती कुर्ता घातलेली एक मुलगी पुढे आली. केसात कुणीतरी माळलेला गजरा, हातात चिवड्याची पुडी. ती भैयाजींना म्हणाली, की ती भिंत तिला जवळून पाहायची आहे. भैयाजींनी प्रेमाने सांगितलं, की बाई, थोडं मागं सर, कंपनीच्या मॅडम येतील आता.

"मीच आले आहे," ती म्हणाली. "उन्नती. रिक्षातून उतरले, तेव्हा ह्या सगळ्या उतरत होत्या. ह्यांनी माझा हात धरला आणि गजरा माळला. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल."

भैयाजी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. उन्नती मॅडमनी भिंत पाहिली, टूल पाहिलं, आणि मग विचारलं, की हे आकडे कुणी काढले. भैयाजींनी प्रणालीकडे बोट केलं. मॅडम स्टोअररूममध्ये जाऊन बसल्या, त्या कूलरच्या झोतात, आणि प्रणाली त्यांना पडद्यावरचा निळा, हिरवा, पिवळा दाखवू लागली. मोहल्ल्यातल्या बायाही मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि पडद्यावर छिलका उठला, तेव्हा सगळ्यांनी मिळून 'हाव, हाव' करत माना डोलावल्या.

विश्वनाथने बसचा हॉर्न दिला. आत्या निघाली, मग दारातून परत फिरली. भैयाजी स्टोअररूमच्या दारावर खडूने काहीतरी लिहीत होते. आधी 'शिनेमा' लिहिलेलं होतं, ते त्यांनी हाताने पुसून टाकलं आणि त्या जागी मोठ्या अक्षरात 'तालीम चालू आहे' असं लिहिलं.

आत्याने ते वाचलं, मान हलवली, आणि त्यांच्या हातून खडू घेऊन खाली आणखी एक ओळ लिहिली. आवाज करू नये.